आरओ यंत्र आणि मोरीत जाणारे पाणी

घरगुती आरओ यंत्रात पाणी दाबाने पडद्यातून ढकलले जाते. अडलेले क्षार वाहून नेण्यासाठी त्यातले बरेच पाणी वेगळ्या नळीने बाहेर सोडावे लागते. साध्या यंत्रात पिण्याच्या १ लिटरमागे सुमारे ३ लिटर पाणी असे जाते; घरात रोज १५ लिटर लागत असेल, तर ४५ लिटर मोरीत.

हे यंत्र खाऱ्या पाण्यासाठी आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या घटकांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी टीडीएस असेल तेथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये केंद्राला दिले होते. पुण्याला येणारे खडकवासला धरणाचे पाणी मुळातच मृदू. तरीही प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी एका विक्रेत्याने हे यंत्र गळ्यात मारले. टीडीएस किती, हे त्याला आधीच विचारले होते. उत्तर न देता त्याने दोन ग्लासांत विजेच्या सळ्या सोडल्या. नळाचे पाणी तपकिरी झाले, आरओचे नितळ राहिले. “काका, हे पाणी तुम्ही नातवंडांना पाजता?” असे तो वर म्हणाला.

त्या ग्लासात दिसते ती पाण्यातली घाण नव्हे. क्षारांमुळे नळाच्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून ते नितळ राहते. पुढे सर्व्हिसिंगला आलेल्या त्याच माणसाला, आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून सळ्या सोडायला लावल्या. तेही तपकिरी झाले. त्यावर तो म्हणाला, फिल्टर बदलायला झालाय. ही उघड फसवणूक होती. नळाच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर १५० च्या आत भरला; म्हणजे मोरीत सोडलेले पाणीसुद्धा २०० च्या आसपास, मानकाच्या निम्म्याहून कमी.

टीडीएस मीटर स्वस्त असतो, तो घरी असावा. त्यावर जंतू मात्र कळत नाहीत. धरणाच्या पाण्याला जंतू मारणारे यूव्ही (अतिनील किरणांचे) यंत्र किंवा उकळणे पुरते. गढूळ पाण्यात यूव्हीचा उपयोग होत नाही, म्हणून पावसाळ्यात ते आधी गाळावे. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी ५०० च्या वर असेल तर आरओ जरूर घ्यावे आणि सोडलेले पाणी फरशीला, संडासात वापरावे. फार खारे असल्यास झाडांना घालू नये. यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून नळाच्या पाण्याचा टीडीएस लिहून घ्यावा. तो लिहून देत नसेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.