जिवाणूंचा जमाखर्च

पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. देणारा असेल तर घेणारा हवाच. एकाच बाजूची नोंद खतावणीत टिकत नाही. गोबरगॅसच्या अंधाऱ्या टाकीतही हाच नियम चालतो, असे म्हटले तर विज्ञान शाखेचे मित्र कदाचित हसतील. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय हाती घेण्याचे कारण एवढेच की, तो मला जमाखर्चाच्या भाषेतच समजला. आणि ज्यांच्या परसात अशी टाकी आहे त्यांच्या पैशाशी त्याचा संबंध आहे.

टाकीत हवा नसते. तेथे कामाची वाटणी ठरलेली असते. काही जिवाणू शेणातील मोठे पदार्थ फोडतात, काही त्यांची आम्ले करतात, काही त्या आम्लांचे ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. शेवटचे कारागीर मिथेन तयार करतात. हे शेवटचे खरे जिवाणूही नव्हेत. त्यांचा ‘आर्किया’ हा गट वेगळा आहे, हे कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवले. ते सावकाश वाढतात. आम्ल करणारे मात्र फार घाईचे.

चिकोडी तालुक्यातील माझ्या मामांच्या टाकीत एकदा लग्नातले उरलेले अन्न एकदम ओतले गेले. चार-पाच दिवसांत शेगडी विझली. शेजारच्या अप्पांनी झाकणाजवळ वास घेतला आणि म्हणाले, “हुळी आगैती.” म्हणजे आंबले आहे. हे निदान अचूक होते. आम्ल करणाऱ्यांनी भराभर माल काढला, उचलणारे अपुरे पडले, आणि साठलेल्या आम्लाने उचलणाऱ्यांचेच काम बंद पाडले.

आता खरा प्रश्न. अन्न मोडताना जिवाणूला इलेक्ट्रॉन बाहेर टाकावे लागतात. हवा असती तर ते प्राणवायूने घेतले असते. येथे ते कार्बन डायऑक्साइडला द्यायचे असतात. त्याच्या एका रेणूचा मिथेन व्हायला ८ इलेक्ट्रॉन लागतात. पण देणारा एक जीव आणि घेणारा दुसराच. मग ही रक्कम पोचते कशी?

पहिले उत्तर १९६७ साली मिळाले. मद्यार्कापासून मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव अनेक वर्षे एकच समजला जात होता. ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ते दोघे आहेत. एक मद्यार्क खाऊन हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन घेऊन मिथेन करतो. म्हणजे हायड्रोजन ही हातोहात फिरणारी रोकड झाली. मात्र ती साचली की पहिल्याला धंदा परवडत नाही आणि त्याचे काम थांबते. वसुली तुंबली की उधारी बंद, तसेच हे.

पुढची चार दशके बहुतेकांनी हेच उत्तर मानले. मग २०१० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेरेक लव्हली यांच्या गटाने जिओबॅक्टर कुळातील दोन जाती एकत्र वाढवल्या. त्यांनी एकमेकींना चिकटून गोळे केले, आणि त्या गोळ्यांतून वीज वाहत होती. घेणाऱ्या जातीची हायड्रोजन वापरण्याची शक्ती काढून टाकली, तरी व्यवहार चालूच राहिला. मधला रोकडवाहक नाही. रक्कम थेट खात्यावर!

मिथेनच्या बाबतीतला पुरावा २०१४ साली आला, आणि तो मला शुद्ध हिशेबाचा वाटतो. देणारा होता जिओबॅक्टर, घेणारा मिथॅनोथ्रिक्स. या मिथॅनोथ्रिक्सला हायड्रोजन वापरताच येत नाही. तो ॲसिटेटवर जगतो असेच सर्वांना ठाऊक होते. आता मांडणी पाहा. मद्यार्काच्या २ रेणूंपासून ॲसिटेटचे २ रेणू होतात आणि ८ इलेक्ट्रॉन उरतात. ॲसिटेटपासून २ मिथेन मिळतील. उरलेले ८ इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला पोचले, तरच तिसरा मिथेन मिळेल. प्रयोगात हा तिसराही जमेस आला, तेरीज जुळली. खुणेचा कार्बन वापरून तो कार्बन डायऑक्साइडचाच असल्याची खात्रीही करण्यात आली.

ही तार कशाची, यावर मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. २००५ साली जिवाणूच्या अंगावरील केसांसारख्या तंतूंकडे बोट दाखवले गेले. २०१९ साली लोहयुक्त प्रथिनांची माळच वीज नेते, असे चित्र पुढे आले. तार बाहेरूनही देता येते. कोळशाचे सच्छिद्र कण घातले तर देणारा आणि घेणारा दोघेही त्यांना चिकटून व्यवहार करू शकतात, हे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दिसले.

येथेच वाणिज्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. उद्या कोणी कोळशाची पूड दारी आणून ‘गॅस दुप्पट होईल’ असे सांगू लागला, तर काय समजावे? भांडवल आणि उलाढाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भांडवल म्हणजे शेणातील इलेक्ट्रॉन. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो, असे आपल्याकडील हिशेबात धरतात. पुडीने उलाढाल जलद होईल, टाकी आंबण्याचा धोका कमी होईल, अर्धवट राहिलेले पचन पुरे होण्यास मदत होईल. पण शेणात जे नाही ते पूड देणार नाही. शिवाय मामांच्या टाकीसारख्या ठिकाणी किती देवघेव रोकडीने आणि किती थेट होते, याची वाटणी कोणी मोजून ठेवलेली नाही.

म्हणून पूड विकत घेण्यापूर्वी विनाखर्चाचा नियम पाळावा : माल रोज थोडा आणि ठरल्या प्रमाणात घालावा. घाईचे कारागीर आणि सावकाशीचे कारागीर एकाच पेढीवर असले, की मालकाने पाऊल सावकाश माणसाच्या चालीने टाकावे. ज्या पेढीत माल घेणारा थकतो, तेथे माल देणाऱ्याचीही बरकत राहत नाही. हे आपल्याला बाजारपेठेने शिकवलेच होते. शेणाच्या टाकीत तर डोळ्यांना न दिसणारे जीव तोच व्यवहार मुकाट्याने सांभाळीत आहेत.