आजोबांचे घड्याळ का थांबले?

मालवणच्या दक्षिणेस, तारकर्ली ओलांडली की देवबाग हे गाव लागते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांच्या सावलीत घरे. कोणतेही घर खाऱ्या पाण्यापासून फार दूर नाही. खिडकीच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, कोयते सारे लवकर गंजते, हे तेथल्या मुलांना सांगावे लागत नाही. पण कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेले आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ? ते कधी पाण्यात पडलेले नसते, आपटलेले नसते. तरीही एके दिवशी ते बंद पडते. 'मोडले' म्हणून घरचे ते सोडून देतात. वास्तविक अशी पुष्कळ घड्याळे मोडलेली नसतातच. मग त्यांना झालेले असते तरी काय?

असे जुने घड्याळ बहुधा एचएमटीचे निघते. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. त्यांचे 'जनता' हे घड्याळ घरोघर गेले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळाचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा 'जनता'चा एखादा भाग आज खराब झाला, तर त्याचा जोड बहुतेक वेळा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढचे वाचा.

घड्याळाला चावी देतो, तेव्हा एका डबीतली पोलादी पट्टीची मुख्य कमान गुंडाळली जाते. ती हळूहळू उलगडते आणि दातेरी चक्रांची माळ फिरवते. चक्रे भरधाव सुटू नयेत म्हणून शेवटी एक पहारेकरी असतो. त्याच्या एका टोकाला दोन खडे बसविलेले असतात. ते शेवटच्या चक्राचा एक एक दात अडवतात आणि सोडतात. आपण ऐकतो ती टिकटिक हीच. कधी अडवायचे आणि कधी सोडायचे हे ठरवते ते झुलते चक्र. त्याला केसासारखी बारीक, सर्पिल कमान जोडलेली असते. दोलकाला जसे गुरुत्वाकर्षण, तशी या चक्राला ही केशकमान. ख्रिश्चन हायगेन्स यांनी १६७५ मध्ये ही युक्ती जाहीर केली, म्हणून घड्याळ खिशात आणि पुढे मनगटावरही बरेच अचूक चालू शकले.

'जनता'सारख्या घड्याळात सेकंदाला ५ ठोके पडतात. तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. आता गंमत पाहा. दिवसाला १ मिनिट मागे पडणाऱ्या घड्याळाला आपण नावे ठेवतो. पण दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणजे चूक झाली १,४४० भागांत एका भागाची! झोक्याला लागणारा वेळ केशकमानीच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून ही चूक व्हायला लांबीत सुमारे ७२० भागांत एका भागाचा फरक पुरतो. कमान १० सेंटिमीटर लांब धरली, तर तो फरक मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा येतो. इतक्या नाजूक यंत्रात मीठ शिरले, तर काय होईल?

मीठ शिरते ते हवेबरोबर. मनगटावर घड्याळ तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बाहेर जाते. रात्री ते थंड होते, हवा आकुंचन पावते आणि चावीच्या दांडीभोवतीच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. घड्याळ जणू श्वास घेते. समुद्रकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने ते त्याआधीच ओलावते. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पोलादावर खारट पाण्याचा पातळ थर बसतो, तो विद्युत्‌वाहक असतो आणि गंजणे झपाट्याने सुरू होते. पहिला बळी बहुधा चावीची दांडी आणि तिच्या शेजारचे स्क्रू. गंजाची तांबडी भुकटी मग तेलात मिसळते आणि पॉलिश कागदासारखी आस घासत बसते.

पण गंजाआधीही एक शत्रू असतो, तो म्हणजे आटलेले तेल. झुलत्या चक्राच्या आसाची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड असतात. ती माणकाच्या खड्यांतल्या भोकांत फिरतात. 'सतरा ज्वेल' म्हणतात ते हे खडे. ते मौल्यवान मात्र नसतात. अॅल्युमिनियम ऑक्साइडपासून कृत्रिम रीतीने बनवितात आणि क्रोमियमच्या अंशाने ते लाल दिसतात. त्यांचे मोल आहे ते कठीणपणात. खड्याच्या भोकाशी एक छोटी वाटी कोरलेली असते. तीत तेलाचा सूक्ष्म थेंब ठेवला की केशाकर्षणाने तो आसापाशी धरून राहतो. थेंब मोठा झाला, तर मात्र तो पसरतो आणि सगळेच तेल आसापासून ओढून नेतो. जास्त तेल घातल्याने घड्याळ कोरडे पडते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. वर्षे लोटली की तेल चिकट होते, झोका आखूड होतो आणि शेवटी घड्याळ थांबते.

म्हणूनच खोबरेल तेलाचा घरगुती उपाय घातक! ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि हवेने खवट होऊन आम्लधर्मी बनते. केसांना ते उत्तम, केशकमानीला नव्हे.

घड्याळजी काय करतो ते आता पाहू. मागचे झाकण उघडल्यावर तो प्रथम कमानीतला उरलेला ताण हलकेच सोडून देतो. हे विसरून पहारेकरी काढला, तर साठलेली ऊर्जा एकदम सुटते, चक्रे भन्नाट फिरतात आणि दाते किंवा आसाचे टोक मोडते. मग भिंग डोळ्याला लावून एक एक भाग सुटा करतो, बेन्झिनसारख्या द्रावकात धुतो आणि आसांची भोके टोकदार लाकडी काडीने पुसतो. येथे रसायनशास्त्राचा एक सुरेख धडा आहे. पहारेकऱ्याचे खडे परंपरेने लाखेने चिकटविलेले असतात. आपल्या रानातल्या किड्यापासून मिळते तीच लाख. ती बेन्झिनला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. हा भाग 'स्वच्छ निघेल' म्हणून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, की खडे सुटून आलेच!

जोडणीच्या वेळी मुख्य कमानीला घट्ट वंगण, वेगाने फिरणाऱ्या आसांना पातळ तेल आणि चक्रांच्या दात्यांना काहीच नाही. सगळीकडे तेल चोपडणारा माणूस घड्याळजी नव्हे, असे खुशाल समजावे.

दुरुस्ती आणि जतन यांत फरक आहे. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन यांनी जहाजांसाठी केलेले पहिले सागरी घड्याळ १७३५ मध्ये पुरे झाले. पुढे त्यांची घड्याळे दुर्लक्षित राहिली. १९२० मध्ये रुपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याने ती पाहिली, तेव्हा पितळेवर हिरवा कळक चढलेला होता. गूल्ड यांनी प्रत्येक भागाचे टिपण वहीत करीत वर्षानुवर्षे काम केले आणि १९३३ मध्ये ते पहिले घड्याळ पुन्हा चालू झाले. आजोबांच्या घड्याळालाही हाच न्याय लावावा. तबकडी पिवळी पडली म्हणून नवा रंग देऊ नये. गेलेली मूळ अक्षरे परत येत नाहीत. मात्र फार जुन्या घड्याळाचे काटे किंवा आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगविलेले असतील, तर ते घरी उघडूच नका. त्या रंगात रेडियम असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. ती भुकटी श्वासाबरोबर आत जाता कामा नये.

झाकण न उघडताही तुम्हाला घड्याळाची तपासणी करता येईल. ते अचानक दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर प्रयोगशाळेतली चुंबकसूची घेऊन घड्याळ तिच्याजवळ हळूहळू न्या. सूची हलली, तर घड्याळात चुंबकत्व शिरले असावे. पोलादी भाग सूचीला थोडे ओढतातच. तेव्हा घड्याळ फिरवून पाहा. सूचीचे एकच टोक कधी ओढले, कधी लोटले जात असेल, तर शंका उरत नाही. अशा वेळी केशकमानीची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि कमान आखूड झाल्यासारखी वागते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यातून घड्याळ हळूहळू दूर नेऊन घड्याळजी हे चुंबकत्व घालवतो.

दुसरा प्रयोग चार दिवसांचा आहे. चालू घड्याळाला रोज ठरल्या वेळी पूर्ण चावी द्या आणि मोबाइलवरच्या वेळेशी ताडून फरक लिहा. पहिल्या दिवशी तबकडी वर, दुसऱ्या दिवशी खाली, तिसऱ्या दिवशी चावी वर करून उभे, चौथ्या दिवशी चावी खाली. आडव्या स्थितीत आस टोकावर टेकून फिरतो, उभ्या स्थितीत त्याच्या कडा घासतात. म्हणून आडव्या आणि उभ्या स्थितीत थोडा फरक येणारच. पण तबकडी वर असताना घड्याळ एक वेळ दाखवते आणि खाली असताना भलतीच, असे दिसले, तर एका बाजूचे टोक झिजलेले किंवा कोरडे असण्याचा संभव आहे. घड्याळजीकडे जाताना हा तक्ता बरोबर न्या.