बेळगाव-निपाणीचा परिसर आणि स्वावलंबन : एक हिशेब

ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये, वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. रस्ता बंद झाला म्हणजेच आपल्या ध्यानात येते की, घरातील किती वस्तू त्या रस्त्याने येत असतात. अशा वेळी प्रत्येक विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : बाहेरून काहीच आले नाही, तर आपला हा मुलूख किती दिवस स्वतःच्या पायांवर उभा राहील? या प्रश्नाचे उत्तर भीतीने अथवा अभिमानाने देता येत नाही. ते हिशेबानेच द्यावे लागते. तो हिशेब आज आपण मांडून पाहू.

प्रथम पाण्याचा विचार करू. आपल्या जिल्ह्यात पाऊस सर्वत्र सारखा नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबीस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेळगाव शहरी तो सुमारे बाराशे ते तेराशे मिलिमीटर असतो. आणि पूर्वेस अथणीकडे जावे तो सहाशेच्याही खाली येतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात अतिवृष्टी आणि अवर्षण शेजारी-शेजारी नांदतात. मलप्रभा व म्हादई या नद्या खानापूरच्याच डोंगरांत उगम पावतात. तथापि बेळगावकरांच्या नळास येणारे पाणी राकसकोप व हिडकल या जलाशयांतून येते. हिडकल शहरापेक्षा सखल भागात असल्यामुळे तेथील पाणी पंपाने वर चढवावे लागते. वीज गेली की धरण भरलेले असूनही नळ कोरडा! म्हणून घरच्या पाण्याचा हिशेब वेगळा केला पाहिजे.

समजा, घराचे छप्पर ५० चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटर, म्हणजे १.२ मीटर आहे. दोहोंचा गुणाकार ६० घनमीटर. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी हाती राहते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास दररोज माणशी १० लिटर धरल्यास आठ कोरड्या महिन्यांच्या २४० दिवसांस १२,००० लिटर पुरतात. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा केवळ चौथा भाग साठविला, तरी तहान भागते. उणीव पावसाची नसून हौदाची आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आता अन्न. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले, तर पाच जणांस वर्षाला ७३० किलो, म्हणजे सव्वासात क्विंटलांहून थोडे अधिक लागते. शहापूर, वडगाव, येळ्ळूर येथील सुवासिक भात, पश्चिम भागातील रताळी व बटाटे, पूर्वेकडील जोंधळा, गावोगावचे दूधदुभते, ही संपत्ती पाहता आपली भूमी माणसांस उपाशी ठेवील असे वाटत नाही. परंतु भूमीची योग्यता निराळी आणि तीत प्रत्यक्ष काय पिकते, ही गोष्ट निराळी. निपाणीच्या शिवारात तंबाखू, चिकोडीकडे ऊस, ही बाजारासाठी घेतलेली पिके होत. शेतकऱ्यास रोख पैसा हवा, त्यास दोष देता येणार नाही. पण संकटकाळी तंबाखू शिजवून खाता येत नाही, हेही खरे. पूर्वी गावोगाव धान्याची पेवे असत. पीक बुडाले तरी मागच्या साली पुरलेले धान्य वर निघे. आज त्यांची जागा दुकानाने घेतली आहे.

केवळ उत्पन्नावर विसंबणे किती घातक असते, हे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दाखविले. त्या दुष्काळात आपला जिल्हाही होरपळला. धान्य कोठे तरी असणे आणि ते भुकेल्याच्या ताटात पोहोचणे, यांतील अंतर साठवण, रस्ते आणि हाताला काम यांनीच भरून निघते.

तिसरी बाब कारागिरीची. आपल्या उद्यमबागेत ओतशाळा आहेत, लेथ आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कुशल हात आहेत. बंद पडलेला पंप पुन्हा चालू करणे, मोडका दांडा नव्याने घडविणे, ही विद्या या वसाहतीस अवगत आहे, आणि हे सामर्थ्य लहान नव्हे. तथापि लोखंड, कोक आणि वीज मात्र बाहेरूनच येतात. मीठही आपल्याकडे पिकत नाही; ते बाहेरूनच आले पाहिजे. औषधे आणि डिझेल यांचीही तीच कथा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वावलंबन म्हणजे दार लावून बसणे नव्हे. गोमंतकातील घरांत बेळगावची भाजी शिजते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा तिकडे भाजीची टंचाई आणि इकडे शेतकऱ्याच्या मालास उठाव नाही, अशी दुहेरी अडचण उद्भवली. ज्याच्यावाचून आपले अडते आणि आपल्यावाचून ज्याचे अडते, अशा शेजाऱ्याशी वाट खुली राखणे, हाही स्वावलंबनाचाच भाग आहे.

तर मग निर्णय काय? अन्नाच्या बाबतीत आपला परिसर योग्य आहे, पण साठवणीत उणा आहे. पाण्याच्या बाबतीत संपन्न आहे, पण वाटणीत विषम आहे. कौशल्यात पुढे आहे, पण कच्च्या मालात व विजेत परावलंबी आहे. नदीकाठची गावे पुरास आणि पूर्वेकडील गावे अवर्षणास सदैव तोंड देत राहणार, हे धरूनच सर्व योजना आखली पाहिजे.

येत्या सुट्टीत प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ मोजावे. चैत्रात विहिरीला किती हात पाणी उरते ते लिहून ठेवावे. घरातील धान्य, मीठ आणि आजी-आजोबांची औषधे किती दिवस पुरतील याची नोंद करावी. आणि गल्लीतील कोणते घर पुरात सर्वांत आधी बुडते, त्या घरात चालता न येणारे कोणी आहे काय, हे विचारून घ्यावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या गल्लीस ठाऊक आहे, तीच गल्ली संकटास तयार आहे, असे समजावे.

आपण केलेल्या नोंदी शाळा उघडल्यावर वर्गात वाचून दाखवाव्यात. तीस-चाळीस घरांचे हिशेब एकत्र आले म्हणजे तो आपल्या परिसराचा खरा नकाशा होईल.