धूमकेतूची धूळ व अवरक्त किरण

रात्रीं दिवा मालवून नुकत्याच उतरविलेल्या तव्याच्या बाजूस तळहात न्यावा. तवा दिसत नाहीं, परंतु त्याची धग हातास तत्काळ कळते. ही धग ज्या किरणांनीं येते त्यांस अवरक्त किरण म्हणतात. १८०० सालीं विल्यम हर्शल यांनीं लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग विलग केले व तांबड्याच्या पलीकडे, जेथें कांहींच दिसत नव्हतें तेथें, उष्णतामापक ठेविला. पारा चढला आणि या किरणांचा शोध लागला.

आतां आकाशाकडे वळूं. होम्स नांवाचा धूमकेतु १८९२ सालीं सांपडला. २००७ च्या मे महिन्यांत तो सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन दूर जाऊं लागला होता व मोठ्या दुर्बिणीवांचून दिसत नव्हता. पण २४ ऑक्टोबर २००७ च्या सुमारास त्याचें तेज दोन दिवसांच्या आंत कित्येक लक्ष पटींनीं वाढलें! त्या सालच्या दिवाळींत आमच्या पुंडलिकनगरांतील गच्चीवरूनही तो ईशान्येस, ययाति या तारकासमूहांत, पिठाच्या चिमटीसारखा नुसत्या डोळ्यांनीं दिसण्याजोगा होता. तेव्हां त्याच्या धुळीचा गोल सूर्याहूनही विस्तृत झाला होता.

हा उद्रेक केवढ्या धुळीचा? केवळ तेजावरून हें सांगतां येत नाहीं. खडूचा एक तुकडा फळ्याचा थोडासा भाग झांकतो. त्याचीच पूड सारा फळा पांढरा करिते. शिवाय थोडी उजळ धूळ व पुष्कळशी काळी धूळ डोळ्यांस सारखीच भासूं शकते. येथें अवरक्त किरण साक्ष देतात. धूलिकण सूर्यानें तापतात व स्वतःची उष्णता बाहेर टाकितात. ती मोजली कीं कणांचा आकार व राशि यांचा अंदाज बांधतां येतो. सिलिकेट खनिजाचे बारीक कण तर सुमारें १० मायक्रॉन लांबीच्या तरंगांत विशेष तळपतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश.)

जपानी ज्योतिर्विदांनीं हवाई बेटावरील सुबारू दुर्बिणीतून होम्सची ही धूळ तपासली, तेव्हां तींत स्फटिकरूप सिलिकेट आढळलें. असले स्फटिक प्रखर तापावांचून सहसा बनत नाहींत. मग ते बर्फाळ धूमकेतूच्या पोटांत कसे आले? सूर्याजवळ भाजलेलें द्रव्य सूर्यमालेच्या बालपणींच दूरच्या थंड प्रदेशांत पोंचलें असावें, असा तर्क यावरून निघतो. ज्या ऑलिव्हिन खनिजाचे कण धूमकेतूंत सांपडतात, तें आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांतही आढळतें.

हवेंतील बाष्प हे किरण गिळून टाकितें, म्हणून वेधशाळा उंच व कोरड्या जागीं बांधितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेला अवरक्त वर्णपटमापक २०१३ सालीं लडाखांतील हानले येथील दुर्बिणीस जोडण्यांत आला.

धूमकेतु दिसतांच पूर्वी लोक अरिष्टाच्या भीतीनें दारें लावून घेत. विद्यार्थी मित्रहो, पुढचा धूमकेतु उगवेल तेव्हां आपण गच्चीवर जावें व घरच्या वडील मंडळींसही हात धरून वर न्यावें.