पाहायला निघालेली गाडी आणि तिच्या लहान खिडक्या : आठवीच्या ‘बल व दाब’साठी एक पाठ



आमची शाळा भोसरी एमआयडीसीला लागून आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील प्रेस शॉपमध्ये, फॅब्रिकेशनमध्ये, नाहीतर चाकणला एखाद्या असेंब्ली लाइनवर. ‘बल व दाब’ शिकवताना घनतेसाठी मी दरवर्षी तेच लाकूड आणि लोखंड घ्यायचे. यंदा मात्र एका मुलाच्या प्रश्नाने पाठ वेगळीकडे नेला. त्याचा मामा लष्करात आहे. तो म्हणाला, “मॅडम, मामाच्या गाडीला रणगाड्याएवढा जाड पत्रा का नाही लावत?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “पैसे वाचवतात.” पोरगा गप्प बसला. मलाही लगेच उत्तर सुचलं नाही.

दोन दिवस वाचून, वहीत हिशोब मांडून मग तास घेतला. तो जसा झाला तसा इथे देते. तुमच्या वर्गात जमेल तसा फिरवून घ्या.

आधी एक स्पष्ट केलं. टेहळणीची गाडी लढून जिंकायला जात नाही. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं, मागे कळवायचं आणि शक्यतो कुणाला न दिसता परत यायचं. आपल्या लष्करातलं ताजं उदाहरण म्हणजे महिंद्राची ‘आर्माडो’. चाकणला महिंद्राचा कारखाना मुलांनी बघितलेला आहे, पण ही गाडी त्याच समूहाच्या संरक्षण कंपनीची, हे सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं घरी जाऊन भलतंच सांगतात. मार्च २०२१ मध्ये अशा १,३०० हलक्या गाड्यांचा सुमारे १,०५६ कोटी रुपयांचा करार झाला आणि जून २०२३ पासून त्या लष्कराला मिळू लागल्या.

मग फळ्यावर एक खोका काढला. लांबी ५ मीटर, रुंदी २, उंची दीड. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ मुलांनीच काढलं : ४१ चौरस मीटर. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर प्लेटचं वजन ७८.५ किलो. सगळा खोका त्या प्लेटने झाकला तर ३,२१८ किलो. अजून इंजिन नाही, डिझेल नाही, माणसं नाहीत. सहा मिलिमीटर घेतलं तरी १,९३१ किलो. मघाशी “पैसे वाचवतात” म्हणणारा मुलगाच गुणाकार करत होता, तो थांबून म्हणाला, “मॅडम, हलणारच नाही की ही.” हलेल, पण मोठं इंजिन लागेल, त्याला जास्त डिझेल, जाड ॲक्सल, मोठे ब्रेक, आणि त्या सगळ्याभोवती पुन्हा पत्रा. पैशाचा हिशोब नसतोच असं मात्र मी मुलांना सांगितलं नाही. असतो. पण इथे आधी वजन अडवतं.

यानंतर जे झालं ते माझ्या टिपणात नव्हतं. चिलखताचं पोलाद तापवून झटकन थंड करून कडक केलेलं असतं, इतकं मी सांगितलं. एरवी तासाला तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. तिचे वडील वेल्डर आहेत. “मग जोडताना काय करतात? पप्पा म्हणतात, वेल्डिंगच्या बाजूचं लोखंड मऊ पडतं.” अगदी बरोबर! कडक पोलादाला वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारचा पट्टा मऊ होतो आणि गोळीसाठी तीच कच्ची जागा ठरते. म्हणून जोड कुठे घ्यायचे, किती उष्णता द्यायची, जोडामागे आणखी पट्टी लावायची का, हे सगळं आधीच ठरवावं लागतं. हे मला पुस्तकात शोधावं लागलं होतं, तिला जेवताना कळलं होतं.

तिरक्या पत्र्याबद्दल एक सावधगिरी. खोडरबर तिरकं धरून पट्टीने आडवी जाडी मोजायला लावा. ६० अंश कलवलं की जाडी दुप्पट भरते. मुलं खूश होतात, “फुकटात दुप्पट!” फुकट नाही. तेवढीच उंची झाकायला आता पत्राही दुप्पट लांब लागतो, वजन तेच राहतं. खरा फायदा असा की गोळी घसरून बाजूला जाण्याची शक्यता वाढते.

आता खिडक्या. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. ही गाडी बघण्यासाठी बनवलेली, आणि तिच्याच खिडक्या लहान! बुलेटप्रूफ काच म्हणजे काचेचे आणि प्लॅस्टिकचे चिकटवलेले थर. जाडी ६० मिलिमीटर आणि काचेची घनता २,५०० धरा. एका चौरस मीटरला १५० किलो भरतात (मधल्या प्लॅस्टिकमुळे थोडे कमी). म्हणजे १० मिलिमीटर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. मोठी काच लावली तर गाडी जड, लहान लावली तर चालक अर्धा आंधळा. म्हणून डोळे बाहेर काढतात : छतावर पेरिस्कोप, वर सरकणाऱ्या खांबावर दिवसाचा कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा. गाडी टेकाडामागे लपते, खांब तेवढा वर डोकावतो. थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं, कारण आपल्या अंगातून निघणारी उष्णतेची किरणं साध्या काचेतून पार होत नाहीत. आपल्याला अपारदर्शक दिसणारा हा पदार्थ त्या किरणांना पारदर्शक आहे, हे ऐकून वर्ग दोन मिनिटं शांत होता. तुम्हाला ठाऊक आहे, आठवीत दोन मिनिटं म्हणजे किती.

जुनी गाडी म्हणून ‘फेरेट’ दाखवली. ब्रिटिश बनावट, १९५२ ते १९७१ या काळात बनली, आपल्या लष्करानेही वापरली. सुमारे चार टन, माणसं दोन, चिलखत सर्वांत जाड ठिकाणी १६ मिलिमीटर. तिला पुढे जायला पाच गियर आणि मागे जायलाही पाच. का? हा प्रश्न वर्गाला विचारा आणि थांबा. आमच्याकडे उत्तर आलं, “वळायला वेळ मिळणार नाही म्हणून.”

सुरुंगाचा मुद्दा मी थोडक्यात घेतला. मुलं लहान आहेत, आणि एकाचा मामा तिथे आहे. गाडी जमिनीपासून उंच ठेवतात, पुष्कळ गाड्यांचा तळ होडीसारखा करतात म्हणजे स्फोटाचा जोर बाजूला फाकतो, आणि आसनं जमिनीला न ठोकता टांगतात म्हणजे धक्का पाठीच्या कण्यात जात नाही. पुण्याच्या भारत फोर्जची ‘कल्याणी एम४’ सपाट तळाची आहे, पण तिचं वजन सुमारे १६ टन. बचाव हवा असेल तर वजन असं मोजावं लागतं. टायरसाठी दाबाचं सूत्र पुस्तकात आहेच : हवा कमी केली की टायर पसरतो, क्षेत्रफळ वाढतं, दाब घटतो आणि चाक वाळूत रुतत नाही.

सहल काढणार असाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर बघा. रोल्स-रॉइसच्या मोटारीवर चिलखत चढवलेली जुनी गाडी तिथे आहे. वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, व्हीआरडीई, त्याच शहरात. टाटांबरोबर तिने आठ चाकांची, पाण्यातही तरंगत जाणारी ‘व्हॅप’ घडवली.

शेवटी गटकार्य. प्रत्येक गटाला आलेखाचा कागद आणि १,५०० किलोची मर्यादा. एवढ्यात चिलखत आणि काच, दोन्ही बसवायचं. सहा मिलिमीटर सगळीकडे लावलं तर १,९३१ होतात, म्हणजे कुठेतरी काटायला लागणारच. एका गटाने छत उघडं ठेवलं. दुसऱ्याने मागची बाजू पातळ केली, मग त्यांच्यातच भांडण झालं, परत येताना तर पाठच शत्रूकडे!

त्या मुलाच्या गटाने पत्रा पातळ केलाच नाही. त्यांनी गाडी छोटी केली, ५ मीटरची साडेतीन. क्षेत्रफळ साडेतीस, वजन १,४३७ किलो. उरलेल्या ६३ किलोंत समोर एकच लहान काच. त्याला म्हटलं, “अरे, आठ जण कुठे बसतील?” तो म्हणाला, “दोघंच जातील. बघून यायचंय ना फक्त.”

कागद घरी नेऊन तपासताना दिसलं, कडेला पेन्सिलने बारीक लिहिलं होतं : मामा सहा फूट आहे, त्याला मान वाकवून बसावं लागेल.