कथेचे पुस्तक होताना

मनात कल्पना स्फुरणे, ती कागदावर उतरणे आणि त्या कागदांचे पुस्तक होऊन अनोळखी वाचकाच्या हाती पडणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली क्षणात घडते. दुसरीला महिने, कधी वर्षेही लागतात. तिसरीसाठी लेखकाला बहुधा दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. तो आपले हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवितो. प्रकाशकाला ते पसंत पडले, तर तो स्वतःचे भांडवल घालून ते छापतो, विकतो आणि लेखकाला त्याचा मोबदला देतो. परंतु एखादा लेखक ही सारी जबाबदारी आपल्याच शिरावर घेतो. अमेरिकेतील ख्रिस्तोफर पाओलिनी या तरुणाने आपल्या पहिल्या कादंबरीच्या वेळी हाच मार्ग धरला.

ख्रिस्तोफरचा जन्म १७ नोव्हेंबर १९८३ रोजी झाला. मॉन्टाना राज्यातील पॅराडाइज व्हॅली नावाच्या खोऱ्यात तो लहानाचा मोठा झाला. सभोवती उंच पर्वत, मधून वाहणारी यलोस्टोन नदी आणि दूरदूर विखुरलेली घरे, असा तो प्रदेश आहे. ख्रिस्तोफर व त्याची धाकटी बहीण अँजेला यांचे शिक्षण घरीच झाले. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती. तिनेच दोघांना शिकविले. ख्रिस्तोफरला वाचनाचे विलक्षण वेड होते. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांपैकी अद्भुतरम्य कथा त्याला विशेष आवडत.

वयाच्या पंधराव्या वर्षीच त्याचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. आता हाती मोकळा वेळ होता. आपल्याला जशी कथा वाचावीशी वाटते, तशी आपणच लिहून पाहावी, असे त्याच्या मनाने घेतले. पाश्चात्य परीकथांत ड्रॅगन नावाचा एक काल्पनिक प्राणी नेहमी भेटतो. त्याला प्रचंड पंख असतात व तो तोंडातून अग्नी ओकतो. एका शेतकरी कुटुंबातील मुलाला रानात एक निळा, गुळगुळीत दगड सापडतो. तो दगड नसून ड्रॅगनचे अंडे असते, आणि त्यातून बाहेर पडलेली साफिरा नावाची ड्रॅगन मादी त्या मुलाची जिवलग सखी होते, असे कथाबीज ख्रिस्तोफरने योजिले. कथानायकाचे नाव प्रथम केव्हिन असे होते. पुढे ते एरागॉन झाले. 'ड्रॅगन' या शब्दाचे इंग्रजीतील आद्याक्षर काढून त्याच्या जागी वर्णमालेतील पुढचे अक्षर ठेवले, की हे नाव तयार होते!

पहिला खर्डा पुरा होण्यास एक वर्ष लागले. लिहून झाल्यावर ख्रिस्तोफरने तो आरंभापासून वाचला, आणि त्याची निराशा झाली. कथा चांगली होती. पण ती चांगल्या रीतीने सांगितलेली नव्हती. एखादा मुलगा एवढ्यावर खचला असता व कागद पेटीत टाकून मोकळा झाला असता. ख्रिस्तोफर मात्र पुन्हा लिहावयास बसला. दुसरे संपूर्ण वर्ष त्याने पुनर्लेखनात घालविले. मगच त्याने हस्तलिखित आईवडिलांच्या हाती दिले.

आईवडिलांचा घरातूनच चालणारा एक लहानसा प्रकाशनव्यवसाय होता. त्यांना कादंबरी आवडली व ती आपणच प्रकाशित करावी असे सर्वांच्या मते ठरले. हा निर्णय सोपा नव्हता. पुस्तकाच्या कामात सारे कुटुंब गुंतल्यावर मिळकतीची दुसरी कामे मागे पडणार होती. पुस्तक वेळेवर खपले नसते, तर राहते घर विकून कामधंद्यासाठी शहर गाठण्याची पाळी त्या कुटुंबावर आली असती.

तिसरे वर्ष पुस्तक घडविण्यात गेले. मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादन, मुद्रितशोधन, पानांची मांडणी, मुखपृष्ठ व जाहिरात ही कामे निरनिराळी माणसे करतात. येथे ती सर्व घरच्यांनीच वाटून घेतली. एकेक वाक्य पुन्हा पुन्हा तपासण्यात आले. कथेतील काल्पनिक देशाचा नकाशा ख्रिस्तोफरने स्वतः रेखाटला. मुखपृष्ठासाठी साफिराच्या डोळ्याचे चित्रही त्यानेच काढले. २००२ साली 'एरागॉन' छापून तयार झाले.

परंतु छापलेले पुस्तक आपल्या पायांनी वाचकाकडे चालत जात नाही. नव्या लेखकाचे नाव कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा ख्रिस्तोफर घरच्यांसह गावोगाव हिंडू लागला. तांबडा सदरा, काळी सैल विजार, नाडीचे उंच बूट व डोक्यावर काळी टोपी, असा जुन्या काळचा वेष करून तो शाळांत, ग्रंथालयांत व पुस्तकांच्या दुकानांत जाई आणि वाचन व लेखन या विषयांवर बोले. वर्षभरात त्याने अशी १३५ हून अधिक व्याख्याने दिली. दुकानात मेजामागे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशी तो सतत बोलत राही. दिवस फार चांगला गेला, तर आठ तासांत चाळीसएक प्रती विकल्या जात.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कार्ल हायासन हे सुप्रसिद्ध लेखक सहकुटुंब मॉन्टानात सुटीसाठी आले होते. त्यांच्या सावत्र मुलाने तेथे 'एरागॉन'ची एक प्रत विकत घेतली. त्याला ती इतकी आवडली, की हायासन यांनी आपल्या प्रकाशकांना, म्हणजे नॉफ या संस्थेला, ती पाहावयास सांगितले. या संस्थेने कादंबरीचे पुन्हा संपादन केले, काही मजकूर गाळला आणि ऑगस्ट २००३ मध्ये नवी आवृत्ती काढली. पुस्तकाचा खप झपाट्याने वाढला. पुढे त्याच कथामालेचे आणखी भाग निघाले व २०११ साली चौथ्या भागाने मूळ कथा पूर्ण झाली.

हा केवळ दैवयोग होता, असे कोणी म्हणेल. योगायोग तर खराच. पण ती प्रत तेथे होती, कारण कोणीतरी ती लिहिली, तपासली, छापली आणि तेथवर पोहोचविली होती. हेही विसरता कामा नये, की ख्रिस्तोफरला पुस्तकाचा व्यवसाय जाणणारे आईवडील लाभले होते, आणि स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकास असे यश मिळत नाही. कित्येकांच्या प्रती घरातच पडून राहतात. यश हाती नसते. आपले लेखन कठोरपणे वाचणे, त्यातील दोष दिसताच ते पुन्हा लिहिणे आणि चाळीस प्रतींसाठी आठ तास उभे राहणे, एवढे मात्र आपल्या हाती असते. अद्भुताच्या राज्यात ड्रॅगनच्या पाठीवरून क्षणात पर्वत ओलांडता येतो. त्या राज्याचे पुस्तक करणाऱ्याला मात्र तोच पर्वत पायी चढावा लागतो.

अभ्यास

१. पहिला खर्डा वाचल्यावर ख्रिस्तोफरची निराशा का झाली? त्यानंतर त्याने काय केले?
२. पुस्तक स्वतः प्रकाशित करण्यात पाओलिनी कुटुंबाने कोणता धोका पत्करला?
३. 'छापलेले पुस्तक आपल्या पायांनी वाचकाकडे चालत जात नाही,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ख्रिस्तोफरच्या यशात योगायोगाचा वाटा किती व श्रमाचा किती, याविषयी आपले मत दहा ओळींत लिहा.
५. एक लहानशी अद्भुतकथा लिहा. आठ दिवसांनी ती स्वतः वाचून पाहा व पुन्हा लिहा. दोन्ही खर्ड्यांत कोणता फरक पडला, ते वर्गात सांगा.