घरबसल्या डिग्री? आधी यादी बघा

मासेमारीबंदी लागली की होड्या वर येतात, पोरांच्या ॲडमिशनची धावपळ सुरू होते आणि ‘घरबसल्या डिग्री’वाले एजंटही नेमके तेव्हाच फिरतात. भिंतीवरच्या आयएसओ सर्टिफिकेटला भुलू नका, त्याचा पदवीशी संबंध नाही. १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देता येते ती कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला, नाहीतर संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला. इग्नू, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही कायद्याने झालेली.

पण खरी मेख पुढे आहे. विद्यापीठ खरं असलं तरी तोच कोर्स, दूरशिक्षणातून, त्याच वर्षी मान्य आहे का? यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादी मोबाईलवर स्वतः उघडून बघा, एजंटने दाखवलेला फोटो नको. आणि बी.टेक. किंवा नर्सिंग घरबसल्या होतं म्हणाला, तर पुढचं ऐकूच नका. दूरशिक्षणातून त्यांना परवानगीच नाही.